ल्युपस, वंशमूळ आणि प्रतिकारपेशी: मोजलेला फरक नक्की कशाचा?

सूक्ष्मदर्शिका

ल्युपसच्या निदानाच्या धाग्यावर हा विषय मध्येच निघाला आणि तिथे अवांतर वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते. प्रश्न असा: ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) झालेल्या दोन बायका, एकीचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले, दुसरीचे युरोपातले. आजार तोच. मग रक्तातल्या पेशी वेगळ्या वागतात का? आणि वागत असतील तर त्याचं खापर कुणावर फोडायचं?

आजाराच्या प्रमाणात फरक आहे, यावर आता वाद उरलेला नाही. अमेरिकेत मिशिगनच्या नोंदवहीत काळ्या बायकांमध्ये ५३७ जणींमागे एकीला ल्युपस सापडला. गोऱ्या बायकांच्या दुपटीहून जास्त. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या १९९५ च्या पाहणीत एक लाख बायकांमागे गोऱ्यांत सुमारे ३६, दक्षिण आशियाई घरांतल्यांत सुमारे ९० आणि आफ्रो-कॅरिबियन घरांतल्यांत सुमारे २०० असे आकडे आले. शिवाय काळ्या रुग्णांत आजार लहान वयात सुरू होतो आणि मूत्रपिंडावर लवकर जातो.

पेशींच्या पातळीवर सगळ्यात नेटकं काम ओक्लाहोमातल्या गटाचं आहे, २०२३ साली आलेलं. त्यांनी काळ्या आणि गोऱ्या रुग्णांचं आणि दोन्हीकडच्या निरोगी लोकांचं रक्त घेतलं आणि चारही बाजूंनी मोजलं: पेशींची संख्या, पेशींमधले संदेश, जनुकांवरच्या खुणा, रक्तद्रवातली प्रथिनं. काळ्या रुग्णांत आजार चढलेला असताना सीडी८ टी पेशी (रोगट पेशी मारणाऱ्या), बी पेशी (ज्यांच्यापासून अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी होतात), मोनोसाइट आणि डेंड्रिटिक पेशी (शत्रूचा सुगावा घेणाऱ्या) यांचं प्रमाण बदललेलं होतं आणि त्या जास्त चेतलेल्या होत्या. इथपर्यंत कुणी म्हणेल, आजारच जास्त, म्हणून पेशीही जास्त चेतलेल्या. पण पुढचा भाग महत्त्वाचा आहे. निरोगी काळ्या लोकांच्या पेशीही टीएलआर ७, ८, ९ आणि इंटरफेरॉन-अल्फाच्या (विषाणू आल्याचा इशारा देणारं प्रथिन) चिथावणीला जास्त जोरात उत्तर देत होत्या. आणि निरोगी पेशींना टीएलआरचे उत्तेजक दिल्यावर ल्युपसमध्ये दिसणाऱ्या चित्राची नक्कलच उमटली.

टीएलआर ७ आणि ९ म्हणजे पेशीच्या आतल्या पिशव्यांमधले पहारेकरी. विषाणूचं आरएनए किंवा डीएनए दिसलं की ओरडायचं हे त्यांचं काम. ल्युपसमध्ये ते स्वतःच्याच मेलेल्या पेशींच्या आरएनए-डीएनएवर ओरडतात. टीएलआर ७ चं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि बायकांच्या काही पेशींत दुसऱ्या एक्सवरची प्रतही पूर्ण बंद होत नाही. दहा रुग्णांत नऊ बायका का, याचं हे एक कारण धरलं जातं.

त्याआधी २०१८ साली अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या गटाने काळ्या रुग्णांत, विशेषतः आजार तीव्र असलेल्यांत, एक वेगळाच बी पेशींचा गट फुगलेला दाखवला होता. या पेशींवर सीडी११सी ही खूण असते, सीएक्ससीआर५ ही नसते, आणि टीएलआर ७ ची चाहूल लागली की त्या थेट अँटिबॉडी ओतणाऱ्या पेशी बनतात. दोन्ही कामं एकाच दाराशी येऊन थांबतात.

जाणकारांनी भर घालावी. चुका दाखवल्यात तर जास्त बरं.

आकडेमोड्या

धागा आवडला, पण 'खापर कुणावर' हा प्रश्न इतक्या लवकर सुटणार नाही. 'वंशमूळ' या एका रकान्यात चार गोष्टी कोंबलेल्या असतात: जनुकं, रक्तातल्या अँटिबॉडींची ठेवण, चालू औषधं आणि आयुष्यभराचं वातावरण. यातली औषधांची गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे.

२०२० साली एका औषधाच्या चाचण्यांमधल्या दीड हजारांवर बायकांचं रक्त घेऊन जनुकांची सक्रियता तपासली गेली. आफ्रिकी वंशमूळ असलेल्यांत बी पेशी आणि प्लाझ्मा पेशींची (अँटिबॉडी ओतणाऱ्या पेशी) सही, म्हणजे त्यांच्या जनुकांचा एकत्रित ठसा, ठळक होती. युरोपीय आणि अमेरिकेतल्या मूळनिवासी वंशमुळाच्या रुग्णांत मोनोसाइट-न्यूट्रोफिलच्या कुळाची सही ठळक होती. वाचून वाटतं, झालं, मिळालं उत्तर. पण त्याच कामात हेही दिसलं की स्टिरॉइड घेणाऱ्यांत न्यूट्रोफिलची सही वर जाते आणि मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेणाऱ्यांत प्लाझ्मा पेशींची खाली येते. म्हणजे एका गटाला एक औषध जास्त दिलं जात असेल, तर तुम्ही वंशमूळ मोजताय असं समजून औषधाची चिठ्ठी मोजत बसाल. त्या गटाने औषधांचा हिशेब वेगळा काढला आणि तरीही वंशमुळाचा वाटा उरला, म्हणून ते काम मी मानतो. ज्या लेखात औषधांचा तक्ताच नाही, तो मी पुढे वाचत नाही.

काचपट्टी

आकडेमोड्यांनी औषधांचं काढलंच आहे, तर मी त्याच्या एक पायरी आधीचं सांगते. अर्धे 'फरक' रक्त काढून ते फ्रीझरमध्ये जाईपर्यंतच तयार होतात.

१. वेळ. प्रेडनिसोलोनची सकाळची गोळी घेतल्यावर काही तासांत लिम्फोसाइट रक्तातून निघून जातात आणि न्यूट्रोफिल वाढतात. रक्त गोळीच्या आधी काढायचं. एका केंद्रावर सकाळी ८ ला आणि दुसऱ्यावर ओपीडी आटपल्यावर दुपारी २ ला काढलं, आणि दोन केंद्रांत रुग्णांचं वंशमूळ वेगळं असलं, तर सगळं मुसळ केरात.

२. नळी आणि थांबा. रक्त गोठू न देणारं हेपरिन किंवा ईडीटीए, पण सगळ्यांना एकच. ४ तासांच्या आत पेशी वेगळ्या करायला सुरुवात व्हावी. रात्रभर ठेवलेल्या रक्तात न्यूट्रोफिल हलके होऊन लिम्फोसाइटच्या थरात मिसळतात आणि पेशींची जनुकंही ताणाखाली वेगळी बोलायला लागतात.

३. थर. रक्त १:१ पातळ करून १.०७७ घनतेच्या फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा द्रव) नळीच्या कडेने हळू सोडायचं. मग सेंट्रीफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवणारं यंत्र) ४०० जी, ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला की लिम्फोसाइटच्या थराची पांढरी रेघ विस्कटते; मग वरून कितीही हळुवार उपसा, लाल पेशी येणारच.

४. ल्युपसची खास गोची. या आजारात कमी घनतेचे न्यूट्रोफिल असतात. ते तळाशी न बसता त्याच पांढऱ्या रेघेत येतात. ताज्या नमुन्यात ते दिसतात, गोठवून वितळवल्यावर बहुतेक मरतात आणि त्यांच्या डीएनएचा चिकट गोळा होऊन बाकीच्या पेशींना धरून बसतो. वितळवताना डीएनएज (डीएनए तोडणारं विकर) घातलं तर सुटतो. म्हणून एक गट ताजा आणि दुसरा गोठवलेला, अशी तुलना कधीच करायची नाही.

५. गोठवण. ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी फुटू न देणारं रसायन), मिलिलिटरला ५० लाख ते १ कोटी पेशी, मिनिटाला १ अंश या वेगाने उणे ८० पर्यंत, मग द्रव नायट्रोजन. उणे ८० वर महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या कुप्या जिवंत निघतील अशी आशा ठेवू नका.

उत्पन्नाचा अंदाज: निरोगी माणसाच्या मिलिलिटरभर रक्तातून १० ते २० लाख पेशी. ल्युपसमध्ये लिम्फोसाइट आधीच कमी, त्यामुळे निम्म्यावर समाधान मानावं लागतं. १० मिलिलिटरमध्ये सगळे प्रयोग बसवू म्हणणाऱ्याला आधी हा हिशेब दाखवायचा.

दवंडी

वाचतोय. एक शंका. टीएलआरला चिथावणी देऊन मोजतात म्हणता, पण ल्युपसचे जवळपास सगळेच रुग्ण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतात ना? ते औषध तर त्याच पिशव्यांमध्ये जाऊन बसतं.

सूक्ष्मदर्शिका

@दवंडी, बरोबर जागी बोट ठेवलंत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन त्या पिशव्यांमधली आम्लता घालवतं आणि टीएलआर ७ व ९ चा आवाज दाबतं. ते शरीरात आठवडेच्या आठवडे राहतं, त्यामुळे 'दोन दिवस गोळी बंद ठेवून रक्त द्या' असं करून काही साधत नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने ते चूकच आहे. म्हणूनच निरोगी लोकांचा गट इतका मोलाचा. त्यांच्यात ना औषध, ना आजार. ओक्लाहोमाच्या कामाचं खरं वजन त्या निरोगी गटात आहे.

असा प्रयोग साधारण कसा होतो ते सांगते, म्हणजे आकडा कुठून येतो ते कळेल. पेशी ३७ अंशांवर स्थिर करायच्या. एका नळीत काहीच नाही, एकीत आर-८४८ (टीएलआर ७ आणि ८ चा उत्तेजक), एकीत सीपीजी (टीएलआर ९), एकीत इंटरफेरॉन-अल्फा. इंटरफेरॉनचा संदेश १५ मिनिटांत स्टॅट-१ या निरोप्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतो. टीएलआरचे संदेश थोडे मागून येतात. वेळ झाली की फॉर्मल्डिहाइड घालून पेशी जागच्या जागी थिजवायच्या, मग मिथेनॉलने पेशींचं आवरण सच्छिद्र करून अँटिबॉडी आत सोडायच्या. गंमत अशी की मिथेनॉल पेशीच्या पृष्ठभागावरच्या काही खुणाच बिघडवतं. म्हणून ओळख पटवणाऱ्या अँटिबॉडी आधी लावायच्या की नंतर, हे प्रत्येक खुणेसाठी वेगळं तपासून घ्यावं लागतं. आणि निष्कर्ष काढताना कोऱ्या नळीतला आकडा वजा करायला विसरलात, तर आधीपासून चेतलेली पेशी 'जास्त प्रतिसाद देणारी' दिसते. ही चूक छापील लेखांतही सापडते.

गुणसूत्री

आता थोडं जनुकांचं. आणि त्याआधी शब्दाचं. मराठीत 'वंश' म्हटलं की एकीकडे घराणं आठवतं आणि दुसरीकडे वंशवाद. इथे अभिप्रेत आहे ते 'पूर्वज कुठल्या भागातले, आणि किती प्रमाणात'. अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या जनुकसंचात युरोपीय पूर्वजांचा हिस्सा सरासरी पाचवा भाग किंवा थोडा जास्तच असतो, आणि माणसागणिक तो खूप बदलतो. म्हणून फॉर्मवर खूण केलेला रकाना आणि जनुकांवरून काढलेलं वंशमूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात समाजाची वागणूकही मोजली जाते, दुसऱ्यात थेट नाही. दोन्ही लिहून ठेवावीत; एकाच्या जागी दुसरं वापरू नये.

त्रिनिदादमध्ये झालेल्या अभ्यासात पश्चिम आफ्रिकी हिस्सा जितका जास्त, तितका ल्युपसचा धोका जास्त असं दिसलं, घरची आर्थिक स्थिती हिशेबात धरूनही. त्यामुळे जनुकांचा वाटा शून्य आहे असं म्हणता येत नाही.

ठोस उदाहरणं:

पीटीपीएन२२ या जनुकातला जो बदल युरोपीयांत ल्युपसचा धोका वाढवतो, तो पूर्व आशियात आणि आफ्रिकेत जवळपास नाहीच. आयटीजीएएममधला ७७ व्या जागेवरचा बदल युरोपीय आणि आफ्रिकी वंशमुळात सापडतो, जपान-कोरियात नाही. एफसीजीआर२बी मधला २३२ व्या जागेवरचा बदल बी पेशींचा ब्रेक ढिला करतो. तो आफ्रिका आणि आशियात जास्त आहे, कारण ढिल्या ब्रेकने मलेरियाशी लढायला मदत होते. एचएलएमध्ये (प्रतिकारपेशींना प्रथिनांचे तुकडे दाखवणारी जनुकं) युरोपीयांत डीआरबी१ ची ०३:०१ आणि १५:०१ ही रूपं धोक्याची, आफ्रिकी वंशमुळात १५:०३. आणि एपीओएल१ ची दोन रूपं फक्त आफ्रिकी वंशमुळात आहेत. ती निद्रारोगाच्या परजीवीपासून वाचवतात, पण दोन्ही प्रती तशा असल्या तर ल्युपसने दुखावलेलं मूत्रपिंड फार लवकर निकामी होतं. हे शेवटचं नीट लक्षात घ्या: एपीओएल१ मुळे ल्युपस होतो असं नाही. मूत्रपिंडाची झीज सोसायची ताकद कमी होते. 'आजार जास्त तीव्र' या एका वाक्यात प्रतिकारपेशींचा दोष आणि मूत्रपिंडाचा दुबळेपणा दोन्ही लपलेले असतात.

दवंडी

मग आपण कुठे? बर्मिंगहॅमच्या आकड्यांत दक्षिण आशियाई मध्ये आहेत. पेशींच्या अभ्यासांत 'एशियन' असतात, ते आपण का?

गुणसूत्री

बहुतेक वेळा नाही. २०२२ साली सॅन फ्रान्सिस्कोहून आलेलं मोठं काम घ्या: ल्युपसचे १६२ रुग्ण, ९९ निरोगी, १२ लाखांवर पेशी एकेक करून वाचलेल्या. गट दोनच, युरोपीय आणि एशियन. ज्या रुग्णसमूहातून ते रुग्ण घेतले, त्यात मुलाखती इंग्रजी, स्पॅनिश, कँटनीज आणि मँडरिन या भाषांत होत. यावरून काय ते समजा. त्यातला 'एशियन' मुख्यतः पूर्व आणि आग्नेय आशियातला आहे. पुण्यातल्या किंवा पणजीतल्या माणसाला तो आकडा जसाच्या तसा लावणं म्हणजे शेजारणीच्या मापाचा ब्लाउज शिवणं.

तुलनेसाठी जो जगभरचा १००० जनुकसंचांचा साठा वापरतात, त्यात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, इंग्लंडमधले श्रीलंकन तमिळ आणि तेलुगू. मराठी बोलणारा गट नाही. जीनोमइंडियाने ८३ समाजगटांतल्या सुमारे १०,००० लोकांचे जनुकसंच वाचले. तो साठा फरीदाबादच्या केंद्रात आहे आणि जानेवारी २०२५ पासून संशोधकांना मिळतो. निरोगी पेशींसाठी आशियाई प्रतिकारपेशींचा एक नकाशाही २०२५ साली आला: पाच देश, सात समाजगट, ६१९ दाते, साडेबारा लाखांवर पेशी. त्यात भारतातले दाते आहेत आणि सिंगापूरचे भारतीयही. म्हणजे निरोगी पट्टी आता हातात आहे. ल्युपससाठी 'इन्स्पायर' नावाचा देशातल्या अनेक रुग्णालयांचा रुग्णसमूह उभा राहतोय, आणि मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्थेत पश्चिम भारतातल्या रुग्णांच्या अँटिबॉडींवर बरीच वर्षं काम झालेलं आहे.

भारतात आणखी एक भानगड. 'दक्षिण आशियाई' असा एक रंगाचा डबा नसतो. रोटी-बेटीचे व्यवहार शेकडो वर्षं ज्या त्या जातीत राहिल्याने एकाच गावातले दोन समाज जनुकांच्या नकाशावर लांब पडू शकतात. रुग्ण एका समाजाचे आणि निरोगी दाते कॉलेजातले विद्यार्थी असले, की सापडलेला 'ल्युपसचा फरक' समाजाचा निघतो.

आकडेमोड्या

गुणसूत्रींच्या मुद्द्याला जोडून, विश्लेषणात कुठे पाय घसरतो ते.

पहिली चूक, पेशीला माणूस समजणं. २० माणसं, प्रत्येकी ५,००० पेशी, म्हणून नमुने १ लाख? नाही, नमुने २०. एकाच माणसाच्या पेशी एकमेकींसारख्या असतात. १ लाख धरून चाचणी लावली की प्रत्येक जनुक 'महत्त्वाचं' ठरतं. उपाय सोपा: प्रत्येक माणसाच्या प्रत्येक पेशीप्रकाराची बेरीज करा आणि मग डीईसेक किंवा एजआर (जनुकांच्या सक्रियतेची तुलना करणाऱ्या संगणक-प्रणाली) चालवा. एखाद्याच्या त्या प्रकाराच्या ३०-४० च पेशी असतील, तर तो माणूस त्या प्रकारापुरता गाळा.

दुसरी, खेप. सोमवारी सगळे काळे दाते, मंगळवारी सगळे गोरे. मग फरक सोमवार-मंगळवारचा की लोकांचा, ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. यावर छान तोड म्हणजे वेगवेगळ्या ८ ते १६ जणांच्या पेशी एकाच खेपेत मिसळायच्या आणि नंतर जनुकांतल्या फरकांवरून कुठली पेशी कुणाची ते ओळखायचं. २०१८ साली ही पद्धत ल्युपसच्याच ८ रुग्णांच्या रक्तावर दाखवली गेली. पेशीमागे पन्नासेक उपयोगी जागा वाचल्या गेल्या तरी मालक ओळखता येतो. यंत्रात प्रत्येक पेशी वेगळ्या थेंबात वाचतात; दोन वेगळ्या लोकांच्या पेशी एका थेंबात अडकल्या तर तेही पकडलं जातं. एकाच माणसाच्या दोन अडकल्या तर मात्र नाही. ८ जणांच्या मिश्रणात अशा जोड्या आठवा भाग तरी असणारच. सख्ख्या बहिणी एका खेपेत टाकू नका.

तिसरी, प्रमाण आणि वागणूक यांची गल्लत. अख्ख्या रक्ताचं आरएनए मोजलं आणि बी पेशींची जनुकं वर दिसली. बी पेशी जास्त आहेत, की आहेत तेवढ्याच पण जास्त चेतलेल्या? अख्ख्या रक्तातून ते कळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कामात इंटरफेरॉनची सही मोनोसाइटमध्ये सगळ्यात ठळक निघाली आणि कोऱ्या (अजून शत्रू न भेटलेल्या) सीडी४ पेशी घटलेल्या, तर ग्रँझाइम-एच (पेशी मारणारं प्रथिन) असलेल्या मारक सीडी८ पेशी वाढलेल्या. एकेक पेशी वाचल्याशिवाय हे सुटं झालं नसतं.

काचपट्टी

@आकडेमोड्या, त्या ग्रँझाइम-एचवाल्या सीडी८ पेशी बघताना दात्याचा सीएमव्ही तपासलाय का, हे आधी बघावं. सीएमव्ही हा विषाणू अंगात मुक्कामाला असला की नेमक्या तशाच मारक पेशी वाढतात.

सूक्ष्मदर्शिका

काचपट्टीताई, नेमकं. २०२३ साली मध्य आफ्रिकी, पश्चिम युरोपीय आणि पूर्व आशियाई अशा २२२ निरोगी लोकांच्या पेशींना कोविडचा विषाणू आणि फ्लूचा विषाणू देऊन बघितलं गेलं. आफ्रिकी आणि युरोपीय गटांतला प्रतिसादाचा बराचसा फरक पेशींच्या प्रमाणातून आला, आणि प्रमाणातल्या फरकामागे मोठा हात सीएमव्हीचा निघाला. आफ्रिकी दात्यांत तो जवळजवळ प्रत्येकाला झालेला, युरोपीयांत तिघांतल्या एकाला. भारतात मोठ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांना तो होऊन गेलेला असतो. त्यामुळे इथल्या रुग्णांची तुलना युरोपातल्या निरोगी आकड्यांशी केली, तर सीडी८ आणि एनके पेशींमध्ये 'फरक' हमखास मिळणार, आणि त्यात ल्युपस कुठेच नसणार. सीएमव्हीची आयजीजी चाचणी (तो होऊन गेल्याची अँटिबॉडी शोधणारी) स्वस्त आहे. ती करा आणि रकाना भरा.

आणखी एक विसंगती मांडते. २०२१ साली ९० पुरुषांच्या पेशींना फ्लूचा विषाणू दिला तेव्हा युरोपीय हिस्सा जास्त असलेल्यांत ६ तासांनी इंटरफेरॉनचा मार्ग जास्त पेटलेला होता. ओक्लाहोमात उलट. मग खोटं कोण बोलतंय? माझ्या मते कुणीच नाही. एकीकडे जिवंत विषाणू आणि तासांनंतर जनुकांची सक्रियता, दुसरीकडे रासायनिक उत्तेजक आणि मिनिटांत फॉस्फेट. विषाणू तर स्वतःहूनही इंटरफेरॉन दाबायला बघतो. 'आफ्रिकी वंशमूळ म्हणजे इंटरफेरॉन जास्त' असं सरसकट वाक्य म्हणूनच लिहू नये. कुठली चिथावणी, कुठली पेशी आणि किती वेळाने, हे तीनही सांगावं.

गुणसूत्री

यातच अँटिबॉडींचा दुवा जोडा. २०१३ च्या एका कामात काळ्या रुग्णांत इंटरफेरॉनचा मार्ग पेटलेला असणं हे आरएनएशी जोडलेल्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडींवर अवलंबून दिसलं; गोऱ्या रुग्णांत तसं बंधन नव्हतं. अशा अँटिबॉडी, म्हणजे अँटी-एसएम आणि अँटी-आरएनपी, काळ्या रुग्णांत जास्त सापडतात. या अँटिबॉडी आरएनए धरून डेंड्रिटिक पेशीत नेतात आणि टीएलआर ७ च्या तोंडी देतात. तेव्हा वंशमुळाचा आकडा काढताना अँटिबॉडींचा रकाना धरला आणि न धरला, असं दोनदा गणित करावं. दोन उत्तरांतलं अंतर हीच खरी माहिती.

खलबत्ता

औषधांकडून लिहितो, कारण वाचणाऱ्यांपैकी काहींना शेवटी तेच हवं असेल. डोस ठरवणं तुमच्या संधिवाततज्ज्ञांचं काम. विचारायचं काय, एवढंच इथे.

मूत्रपिंडाच्या ल्युपसमध्ये मायकोफेनोलेट की सायक्लोफॉस्फामाइड, यावर ३७० रुग्णांची मोठी चाचणी झाली. एकूणात दोन्ही सारखीच. पण गोरे आणि आशियाई सोडून बाकीच्यांत मायकोफेनोलेटने ६० टक्के सुधारले, सायक्लोफॉस्फामाइडने ३९. बेलिमुमॅब बी पेशींचं खतपाणी तोडतं, म्हणजे बी पेशींची सही ठळक असलेल्या काळ्या रुग्णांत ते जास्त चालायला हवं, नाही का? फक्त काळ्या रुग्णांची वेगळी चाचणी घेतली: ४९ विरुद्ध ४२ टक्के, संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारा फरक. पेशींच्या चित्रावरून औषधाचं भाकीत इतकं सरळ नसतं.

आपल्याकडे जास्त कामाची गोष्ट अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची. हे औषध पचवण्यात एनयूडीटी१५ नावाचं जनुक येतं. त्यातला १३९ व्या जागेवरचा बदल युरोपात अगदी विरळ, पूर्व आणि दक्षिण आशियात बराच. एक प्रत असली तरी पांढऱ्या पेशी घसरू शकतात. दोन्ही असल्या तर नेहमीच्या डोसने अस्थिमज्जाच बसते आणि केस मुठीने गळतात. जुनी सवय म्हणून फक्त टीपीएमटी हे दुसरं जनुक तपासतात. ती चाचणी युरोपीय रुग्णांसाठी नावारूपाला आली. भारतीयांत टीपीएमटी नॉर्मल येऊनही पेशी पडतात, कारण दोषी दुसराच. २०१८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय सूचनांत दोन्ही जनुकं आहेत: एक प्रत बदललेली असेल तर नेहमीच्या डोसच्या ३० ते ८० टक्क्यांनी सुरुवात, दोन्ही असतील तर ल्युपससारख्या आजारात दुसरं औषधच बघावं. चाचणी नसेल झाली, तर पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे दोन महिने पंधरवड्याला सीबीसी. चुकवू नका. आणि गाऊटसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल तर ते आधी सांगा. दोन्ही एकत्र म्हणजे अझाथायोप्रिनचा डोस चौपट केल्यासारखं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचंही तसंच. दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत, प्रत्यक्ष वजनावर. डोळ्यांच्या तपासणीत १०-२ हा दृष्टिक्षेत्राचा नमुना मधला भाग बघतो. पण आशियाई रुग्णांत दृष्टिपटलाची इजा अनेकदा मध्यापासून लांब सुरू होते: एका मोठ्या मालिकेत आशियाईंत निम्म्यांना अशी, गोऱ्यांत २ टक्क्यांना. म्हणून २४-२ किंवा ३०-२ ही करायला सांगा आणि ओसीटीचा (दृष्टिपटलाचे थर दाखवणारा) स्कॅन रुंद घ्यायला सांगा.

दवंडी

पांढऱ्या पेशी निघाल्याच आहेत तर: ४,००० च्या खाली गेल्या की ल्युपसच्या निकषांत ३ गुण. पण काहींच्या मुळातच कमी असतात ना?

काचपट्टी

असतात. आफ्रिकी वंशमुळात लाल पेशींवरचं डफी नावाचं प्रथिन अनेकांत नसतं; अमेरिकेतल्या काळ्या लोकांत सुमारे दोन-तृतीयांशांत. मलेरियाच्या व्हायव्हॅक्सपासून बचाव, पण रक्तात फिरणारे न्यूट्रोफिल कमी. १,००० ते १,५०० चा आकडा त्यांना नेहमीचा असू शकतो आणि संसर्गाचा धोका वाढत नाही, कारण पेशी ऊतकांत असतात, फक्त वाहत्या रक्तात कमी. अशा माणसाला ल्युपसचे ३ गुण उगाच मिळतात, आणि पुढे 'पेशी पडल्या' म्हणून चांगलं लागू पडलेलं अझाथायोप्रिन बंद होतं.

खलबत्ता

आणि तेच औषध बंद झालं की आजार उसळतो, मग अभ्यासात लिहितात 'या वंशमुळात आजार जास्त तीव्र'. डफीची तपासणी रक्तपेढीत फेनोटाइपनेही होते, जनुकवाचनाची गरज नाही.

आकडेमोड्या

@खलबत्ता, हा धागा वाचेपर्यंत माझ्या तक्त्यात डफीचा रकाना नव्हता. न्यूट्रोफिलच्या आकड्याला वंशमुळाची पहिली अक्ष (जनुकांतला सगळ्यात मोठा फरक एका आकड्यात मांडणारी) लावून 'दुरुस्त' करतात, त्यापेक्षा हा एक रकाना धरला तर गणित जास्त स्वच्छ होईल. अक्ष लावली की त्यात गरिबी, विमा, दवाखान्याचं अंतर, सगळंच शोषलं जातं आणि काय दुरुस्त झालं तेच कळत नाही. अलाबामा, टेक्सास आणि पोर्तो रिकोच्या जुन्या रुग्णसमूहात मृत्यूशी गरिबीचं नातं ठळक निघालं होतं, ते याच कारणाने नजरेआड होतं.

सूक्ष्मदर्शिका

मग रकान्यांची यादी इथेच करू: रक्त काढल्याची वेळ, शेवटची स्टिरॉइडची गोळी किती वाजता आणि किती मिलिग्रॅम, बाकी औषधं डोससकट, सीएमव्ही आयजीजी, अँटी-एसएम, अँटी-आरएनपी, अँटी-आरओ, डफी, स्वतः सांगितलेलं मूळ, जनुकांवरून काढलेलं मूळ, शिक्षण, घरापासून दवाखाना किती लांब. कुणाला आणखी सुचतंय?

काचपट्टी

नळी फायकॉलवर कधी गेली ती वेळ. नुसती काढल्याची वेळ सगळे लिहितात. ही कुणी लिहीत नाही.